गोड्या पाण्यातले तळेकर

समुद्रात बुड्या मारणाऱ्यांना खाली काहीतरी दिसतं. प्रवाळ दिसतं, रंगीत मासे दिसतात, नशिबात असेल तर कासव दिसतं. म्हणून ते बुड्या मारतात, यात नवल नाही. नवल आहे ते घराजवळच्या तळ्यात उतरणाऱ्या माणसाचं. त्याला खाली स्वतःचा हात दिसला तरी दिवस सार्थकी लागतो. तरीही तो दर रविवारी उतरतो, आणि सोमवारी ऑफिसात जे दिसलं नाही त्याचं सविस्तर वर्णन करतो.

इंग्लंडात असे लोक गावोगावी आहेत. आमच्या लेस्टरच्या मराठी मंडळींतही एक आहेत. त्यांचं खरं आडनाव वेगळंच आहे, पण सगळे त्यांना तळेकर म्हणतात, आणि आता तेही या नावाला ओ देतात.

तळेकरांचं पंढरपूर म्हणजे स्टोनी कोव्ह. लेस्टरशायरमधल्या स्टोनी स्टॅन्टन गावची ही ग्रॅनाइटची जुनी खाण. १९५८ साली खोदकाम थांबलं, पाणी उपसणं बंद झालं आणि झऱ्यांनी खाण भरून टाकली. खोली सुमारे ३६ मीटर, तीही टप्प्याटप्प्यानं. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणारे पाणबुडे एकेकाळी इथं तयार झाले. हा इतिहास सांगताना तळेकरांचा आवाज असा भरून येतो, की हे गृहस्थ एका बँकेची सॉफ्टवेअरं तपासतात यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

खाणीच्या तळाशी पाहण्यासारखं काही नसल्यामुळे ते माणसांनी मुद्दाम नेऊन बुडवलं आहे. १९१० सालची ‘स्टेनगार्थ’ नावाची टगबोट २००० साली तिथं खाली सोडली. एक हेलिकॉप्टर आहे. एका विमानाचं कॉकपिट आहे. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर तो अपघात असतो, हे मला ठाऊक होतं; ती सोयही असू शकते, हे तळेकरांमुळे कळलं. हे हेलिकॉप्टर त्यांनी कितीदा तरी ‘पाहिलं’ आहे. खोदून विचारलं तर कळतं, की डोळ्यांना दिसला तो दरवाजा. उरलेलं हेलिकॉप्टर त्यांनी हातानं चाचपून पूर्ण केलं.

“व्हिज किती होती?” हा तळेकरांच्या जगातला पहिला प्रश्न. व्हिज म्हणजे पाण्याखाली किती लांबचं दिसतं ते. या आकड्यावरून आम्हाला आनंदाचा अंदाज बांधता येत नाही, कारण तळेकरांचा हिशेब उलटा आहे. दहा मीटर दिसलं तर ते “बरं होतं” म्हणतात. दोन मीटर दिसलं तर त्यांचा चेहरा उजळतो. दिवस वर आला की नवशिक्यांचे वर्ग भरतात, त्यांच्या पायांनी तळचा गाळ उठतो आणि सगळं पाणी करडं होतं. हे टाळायला तळेकर पहाटेच घरून निघतात. निघतात ते गाळाच्या नावानं बोटं मोडत, आणि परत येतात ते गाळाच्याच गोष्टी सांगत.

हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर येतं. चार अंशांचं गोडं पाणी सगळ्यात जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं. तळेकरही तिथंच जाऊन बसतात. त्यासाठी आत रजईवजा कपडे आणि वर ड्रायसूट घालावा लागतो. छोट्या अभ्र्यात मोठी उशी कोंबावी तसे ते त्यात शिरतात. मनगटाला आणि मानेला टाल्कम पावडर लागते. चेन पाठीमागे असल्यामुळे ती ओढायला दुसरा माणूस लागतो, आणि चेन बंद झाली की नेमकी लघुशंकेची आठवण होते. ड्रायसूटमध्ये माणूस कोरडा राहतो असं कंपनी सांगते. तळेकरांच्या सौभाग्यवती रविवारी संध्याकाळी दोरीवर जे वाळत घालतात, त्यावरून कंपनीचं म्हणणं सिद्ध होत नाही.

गोड्या पाण्याचा अभिमान त्यांच्या नसानसांत आहे. समुद्राचं पाणी खारट म्हणून जड. त्यात माणूस जास्त तरंगतो, म्हणून बुडायला शिसंही जास्त लागतं. “तळ्यात दोन-तीन किलो कमी पुरतं,” हे ते अशा थाटात सांगतात, की जणू वाचलेले पैसे बँकेत टाकले. कमरेला उरलेल्या दहा-बारा किलोंचा उल्लेख नसतो. लहानपणी ते गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. तो डबा वर राहण्यासाठी होता. आता पाठीवर पोलादाची टाकी असते, आत २३२ बारच्या दाबाची हवा असते, आणि सगळा खटाटोप खाली जाण्यासाठी असतो. गावी आईला फोनवर ते “रविवारचा पोहायला जातो” एवढंच सांगतात. “पाठीला डबा बांधतोस ना रे?” असं ती विचारते. बांधतो, म्हणतात. खोटं काहीच बोललेले नसतात.

कडक थंडीत कधीकधी टाकीतली हवा तोंडाशी देणारा रेग्युलेटर गोठतो. गोठला तर हवा बंद पडेल असं आपल्याला वाटतं, होतं उलटंच. झडप उघडीच राहते, हवा धो धो सुटते आणि बघता बघता टाकी रिकामी होते. मंडळाच्या कार्यक्रमात तळ्याचा विषय निघाला की तळेकरांचंही हेच होतं.

मात्र माणूस बेफिकीर नाही. लेक डिस्ट्रिक्टमधल्या वास्टवॉटरच्या तळाशी कुणीतरी बागेत ठेवतात ते बुटके पुतळे नेऊन कुंपणासकट बाग मांडली होती. तिथं काही पाणबुड्यांचे जीव गेले, तेव्हा पोलिसांच्या पाणबुड्यांनी ती बाग उचलली. हा किस्सा सांगताना तळेकर हसत नाहीत. एकट्यानं उतरायचं नाही, खोलीशी पैज लावायची नाही, आणि पाण्यात शिरण्याआधी जोडीदारांनी एकमेकांचा पट्टा, बकल, हवा सगळं तपासायचं, यात ते तसूभर ढळत नाहीत. अडचण एवढीच, की ही सवय घरीही सुटत नाही. सौभाग्यवती दारात चपला घालत असल्या तरी हे समोर उभे राहून एकेक मोजतात. किल्ली? पाकीट? फोन?

“अहो, मी कोथिंबीर आणायला चाललेय.”

“पिशवी?”

खुणांचाही असाच घोळ. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नसतो. ‘आता वर चला’ असा असतो, आणि ही खूण मिळाली की वाद न घालता निघायचं असतं. गणपतीच्या जेवणात यजमानांनी लांबूनच अंगठा दाखवून श्रीखंड कसं झालंय असं विचारलं. तळेकर पानावरून उठले. हात धुऊन कोटही घातला होता, तेव्हा कुठं त्यांना परत बसवलं.

तळ्यात मासे आहेत, नाही असं नाही. पर्च असतात, पाइक असतात. पाण्याखाली मुखवट्याच्या काचेतून कुठलीही वस्तू साधारण एक-तृतीयांश मोठी दिसते, हा प्रकाशाचा नियम आहे. पाइकची बाकीची वाढ एम ६९ रस्त्यावर घरी येताना होते.

गेल्या मे महिन्यात पुतण्यानं मालवणहून व्हिडिओ पाठवला. तारकर्लीच्या समुद्रात भोवती माशांचा घोळका, आणि हा बोटं नाचवतोय. “काका, मासे हातातून खात होते!”

“मग ती बुडी नव्हे, पंगत,” काकांनी कळवलं.

महाराष्ट्रात गेल्यावर त्यांना देवळं, किल्ले, नातेवाईक यांत रस नसतो. खडकवासल्याला गाडी थांबवून ते कणीसवाल्याला व्हिज विचारतात. उजनीच्या पाण्यात पळसदेवचं जुनं देऊळ बुडालेलं आहे. उन्हाळ्यात धरण आटलं की ते वर येतं आणि लोक पाहायला गर्दी करतात. तळेकरांना ते धरण भरलेलं असताना पाहायचं आहे. “खाली काही दिसायचं नाही हो,” असं तिथल्या एका नावाड्यानं बजावलं, तेव्हापासून तर त्यांना झोप नाही.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सौभाग्यवतींनी हट्टानं त्यांना मालदीवला नेलं. पाणी कोमट, काचेसारखं स्वच्छ. खाली प्रवाळ, वर मँटा रे, चहूकडे मासे. तळेकर बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्यानं.

“काय झालं? दिसलं नाही का काही?”

“सगळंच दिसलं गं,” ते म्हणाले. “मग माझं काम काय राहिलं?”

त्या उत्तरात तळेकर पूर्ण येतात. समुद्र पाहुण्यासारखं वागवतो, ताट वाढून पुढे ठेवतो. तळं काही देत नाही. होकायंत्र हातात धरून, पावलं मोजून, गारठलेल्या बोटांनी धुंडाळत दोन हात लांबच्या बोटीपर्यंत पोचावं लागतं, आणि पोचलो हे ती डोक्याला लागल्यावर कळतं. एवढे कष्ट करून मिळालेली बोट माणसाला स्वतःची वाटते. आणि ती अर्ध्या तासावर असते, पासपोर्ट लागत नाही, आणि काठावरच्या पबमध्ये गरम काहीतरी घेत, ओल्या केसांनी, त्याच थंडीतून आलेल्या दुसऱ्या वेड्याला ती सांगता येते.

सध्या तळेकर जोडीदाराच्या शोधात आहेत. मंडळातल्या प्रत्येकाला गाठतात. मी सुटकेसाठी खरं तेच कारण पुढे केलं: मला जाड भिंगांचा चष्मा आहे, त्याशिवाय हातभर लांबचं दिसत नाही. तळेकरांनी प्रेमानं खांद्यावर हात ठेवला.

“मग तर तुम्ही अर्धे तयारच आहात,” ते म्हणाले. “रविवारी साडेसहाला घ्यायला येतो.”