मटकाकाकाचं चि. ऑनलाइन रमीस खुलं पत्र

मु. पो. परभणी
(पक्का पत्ता देत नाही, अधूनमधून बदलावा लागतो)

चि. ऑनलाइन रमी हिस,
तुझ्या मटकाकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्यावर बंदी आल्याचं कळलं. 2025 च्या ऑगस्टात 20 तारखेला लोकसभा, 21 ला राज्यसभा आणि 22 ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत कायदा! आमच्याकडं सातबाऱ्यावरची नावाची चूक दुरुस्त करायची म्हटलं तरी तलाठ्याकडं याहून जास्त चकरा होतात. ऐकून आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. म्हटलं, ये बाई, शेवटी घरीच आलीस. इतकी वर्षं तू आम्हाला नातेवाईक म्हणून ओळखही देत नव्हतीस.

देशील तरी कशी? तू पडलीस कौशल्याची. 1967 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की तेरा पानांच्या रमीत पडलेले पत्ते ध्यानात ठेवावे लागतात, कोणतं धरायचं नि कोणतं टाकायचं याला डोकं लागतं. तो खटला होता सिकंदराबादच्या एका क्लबचा आणि कायदा होता हैदराबादचा, म्हणजे ज्या निजामाच्या राज्यात आपली परभणी होती तिथला. तुझ्या खानदानीपणाचा दाखला असा आपल्याच जुन्या दप्तरातून निघाला. त्याच निकालात पुढं असंही आहे की, जागेचा मालक खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. पण कोणतं पान टाकायचं याचं कौशल्य तुझ्या वकिलांकडंही होतंच.

माझा जन्म कापसातला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीला उघडला नि कितीला बंद झाला, यावर मुंबईत आकडा लागायचा. ओपन आणि क्लोज तिथून आले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे थांबले, तर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी धंदा थांबू दिला नाही, मडकं आणलं. इकडं परभणीच्या काळ्या रानात माणसं कापूस वेचत होती आणि त्यांना न विचारता त्याच कापसाच्या नावानं मुंबईत पैसा फिरत होता. बाकी मी हिशेबाला चोख. आकडे दहा, लागला तर एकाला नऊ. उरलेला एक कुणाचा, हे पोरासोरांनाही ठाऊक. मी कधी कौशल्याचा आव आणला नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' एवढंच माझं तत्त्वज्ञान.

आणि मला मिळालं काय? 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आणि त्यातलं कलम 12 (अ). टपरीच्या मागं कानावर पेन्सिल ठेवून बसलेला माझा चिठ्ठीवाला, त्याच्या खिशात कार्बनवर उमटलेले आकडे आणि चुरगळलेल्या दहा-वीसच्या नोटा. धाड पडली की पेपरात बातमी येते, 'मटका अड्ड्यावर छापा, साहित्य जप्त'. साहित्य म्हणजे ती पेन्सिल. तुझ्या कुटुंबातल्या ड्रीम 11 चं नाव मात्र 2023 ते 2025 भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर होतं. तुझ्या एका भावंडाच्या जाहिरातीत तर साक्षात भारतरत्न क्रिकेटपटू आले, आणि तेव्हाचे आमदार बच्चू कडूंना वांद्र्याला त्यांच्या घरासमोर आंदोलन करावं लागलं. माझी जाहिरात करायला कुणी सरपंचसुद्धा आला नाही गं.

2025 च्या जुलैत तर कमाल झाली. विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर तू झळकलीस. माणिकराव कोकाटे म्हणाले, मी खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बाजूला करत होतो. मी विश्वास ठेवला. धंद्यात विश्वासावरच सगळं चालतं. महिनाअखेर त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. सरकारला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

सरकारचं तुझ्यावर प्रेम होतं, यात मला शंका नाही. 2023 च्या एप्रिलपासून जिंकणाऱ्याकडून 30 टक्के, ऑक्टोबरपासून टाकलेल्या रकमेवर 28 टक्के. हरणारा हरो, जिंकणारा जिंको, दिल्लीची जोडी रोज लागत होती. त्याच ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला ड्रीम 11 वर दीड कोटी लागले, तर त्याला निलंबित केलं. रोज हरणाऱ्या लाखोंना कुणी नोटीस काढली नव्हती. पुढं सरकारनंच सांगितलं की 45 कोटी लोक वर्षाला 20,000 कोटींच्या आसपास घालवतात. मग 28 टक्के मोजून घेताना हा आकडा कोणत्या फायलीत होता?

असो. आता बंदीत कसं जगायचं, ते काकाकडून शिक. तुझी ती झगमगती दुकानं बंद झाली, ठीक. आता गल्लीत ये. मोंढ्यात सोयाबीन घालून, आडत्याकडून पट्टी घेऊन एखादा पोरगा गावाकडं निघतो. रस्त्यातच त्याला व्हॉट्सअॅपवर 'आयडी' मिळतो. एक लिंक, एक पासवर्ड, आणि पैसे टाकायला कुणाच्या तरी नावाचं यूपीआय, जे उद्या दुसऱ्याच्या नावाचं असेल. सर्व्हर परदेशात, एजंट शेजारच्या गल्लीत. ना जीएसटी, ना वयाचा दाखला, ना तक्रारीची खिडकी. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं. अशा वर्षी गिऱ्हाईक कमी होतं, असं तुला वाटत असेल तर तू अजून लहान आहेस. हौसेनं आलेला माणूस दोन दिवसांत कंटाळतो. उसनवारी फेडायला आलेला उठत नाही. तीन वर्षांपर्यंत कैद नि एक कोटीपर्यंत दंड ही कलमं खेळ चालवणाऱ्यासाठी आहेत. खेळणाऱ्याला नव्या कायद्यात शिक्षा नाही, हे मात्र त्यांनी शहाणपणाचं केलं. माझ्या गिऱ्हाइकाला अजून गाडीत घालून नेतात.

एक गोष्ट कबूल करतो, कुणाला सांगू नकोस. जाहिरात गेली, हा घाव खरा बसला. मॅचच्या मधे नटाचं तोंड दिसलं की ज्यानं कधी पत्त्याला हात लावला नाही असा पोरगाही मोबाइल उघडायचा. मला असं नवं गिऱ्हाईक सात जन्मांत मिळालं नसतं.

पण नुसत्या बंदीला मी भीत नाही. बंदीत माझा हप्ता ठरतो, आणि ज्याचा हप्ता ठरला त्याचा धंदा ठरला. भीती वाटते ती वेगळ्याच खटपटींची. ब्रिटनमध्ये 2020 पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळता येत नाही. उधारी तोडली की आपला अर्धा धंदा गेला. सिंगापुरात घरची माणसं अर्ज करून खेळणाऱ्याला कॅसिनोची दारं बंद करवतात. विचार कर, उद्या जिंतूर तालुक्यातली एखादी बाई सेतू केंद्रात गेली, 'माझ्या नवऱ्याचं खातं या धंद्यापुरतं बंद करा' असा अर्ज तिनं दिला आणि बँकेनं तो ऐकला! पैसे घेणारं भाड्याचं खातं त्याच रात्री गोठलं! ठाणेदारानं पेन्सिलवाल्याला सोडून खातेवाल्याला उचललं! असलं काही सुचू नये म्हणून मी परभणीच्या दर्ग्याच्या उरुसात चादर चढवायला तयार आहे. गोव्याला तर अर्धं सुचलंयच. तिथं 2020 पासून गोवेकराला कॅसिनोत जाता येत नाही. धंदा चालू, पण आपलं पोर आत नको. म्हणजे आत काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

लॉटरी आत्याला माझा नमस्कार सांग. 1969 पासून महाराष्ट्र सरकारच्याच घरात सुखात आहे, तिला बंदी कशी ती माहीत नाही.

तुझा,
मटकाकाका

ता. क. : बंदीच्या कायद्यावर सही झाली 22 ऑगस्टला आणि 22 सप्टेंबरपासून तुझ्यावरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. घराला कुलूप लावून भाडं वाढवणारा मालक मी पहिल्यांदाच पाहिला. भरलास तर पावती जपून ठेव. मी इतकी वर्षं दर महिन्याला भरतोय, मला कुणी पावती दिली नाही.