आडव्या मारुतीच्या वाटेवर

मुहम्मद बिन तुघलकाला वेडा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. दिल्लीची राजधानी उचलून आमच्या दौलताबादला आणली, म्हणून. पण पळण्याच्या बाबतीत हा सुलतान मोठा हिशेबी होता. त्याच्या पदरी राहिलेल्या इब्न बतूतानं त्याच्या पायी डाकेचं वर्णन करून ठेवलं आहे. दर कोसाला तीन चौक्या, चौकीवर कंबर कसून बसलेले हरकारे. पळणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात टोकाला तांब्याच्या घंटा बांधलेली काठी. घंटा वाजली की पुढच्यानं उठून तयार राहायचं. ही डाक म्हणे घोड्यांच्या डाकेपेक्षा लवकर पोचायची. सुलतान दौलताबादेत असला की त्याला प्यायला गंगेचं पाणीसुद्धा याच पायांवर यायचं, चाळीस दिवसांच्या वाटेवरून.

एकेकाच्या वाट्याला पळणं यायचं ते चौकी ते चौकी, एवढंच. सगळी वाट एकाच माणसाला पळायला लावू नये, हे तुघलकालाही कळत होतं.

आमच्या कॉलनीतल्या बँकवाल्या साहेबांना कळत नाही. रविवारी पहाटे तीनला कपाळाला दिवा बांधून ते सिडकोतून निघतात. छावणी, पडेगाव, मिटमिटा, दौलताबादचा घाट, कागजीपुरा, खुलताबाद, वेरूळ. घृष्णेश्वराच्या कळसाला लांबूनच हात जोडतात आणि माघारी फिरतात. दुपारी जेवायच्या वेळेला घरी. कुठं गेला होता म्हणावं तर वेरूळला. लेणी पाहिली का म्हणावं तर नाही.

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. त्याच्या पुढे जे काही पळाल ते अल्ट्रा. या बाबतीत आमचं शहर नशीबवान आहे. पैठण पन्नासेक किलोमीटर, वेरूळ जाऊन येऊन साठाच्या घरात, अजिंठा शंभर. लेणी खोदणाऱ्यांनी आणि संतांनी अंतरं या मंडळींच्या सोयीनं राखली असावीत, असा मला संशय आहे.

पहाटेच्या अंधारात त्यांना पहिला विरोध होतो तो कुत्र्यांचा. इथल्या कुत्र्यांना पोलीस भरतीची पोरं ओळखीची आहेत. ती 1600 मीटर पळतात, घड्याळ बघतात, शिव्या देतात, पुन्हा पळतात. त्यांचं कारण कुत्र्यालाही समजतं. नोकरी पाहिजे. पण पन्नाशीच्या आसपासचा, पेन्शन ठरलेला, गाडी दारात उभी असलेला माणूस अंधारात पळताना दिसला की कुत्र्यांनी काय समजावं?

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, म्हणजे स्कूटरवरून, पाणी आणि डबा घेऊन. परतीच्या वाटेवर दौलताबादला, सीताफळांच्या पाट्या लावून बायका बसतात तिथं ते थांबले. बूट काढला. बुटाचा पुढचा भाग ब्लेडनं कापलेला, अंगठ्याला जागा व्हावी म्हणून. अंगठ्याचं नख काळंनिळं, आज पडेल की उद्या अशा बेतात. टोपीवर आणि बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले. डब्यातून उकडलेला बटाटा काढला, मिठात घोळवला आणि सालासकट खाल्ला. शरीरातली साखर तीसेक किलोमीटरमध्ये संपत येते, पुढं कारभार मुख्यतः चरबीवर, हे त्यांनी मला निघताना समजावलं होतं. घाम गाळून नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन माणूस दवाखान्यात पोचू शकतो, हेही. आता मात्र ते बोटं मोजत होते. लोकांची कर्जप्रकरणं एका नजरेत नाकारणारा हा माणूस साठातून सत्तेचाळीस वजा करू शकत नव्हता.

पाटीवरच्या मावशी बराच वेळ बघत होत्या.

"भाऊ, मागं लागलंय का कोणी?"

"नाही मावशी."

"मग कामून पळता?"

साहेबांनी विचार केला. म्हणाले, "बरं वाटतं."

मावशींनी अंगठ्याकडे बघितलं. "दिसतंय," म्हणाल्या, आणि एक सीताफळ फोडून त्यांच्या हातावर ठेवलं. पैसे घेतले नाहीत.

कारण विचारलं की साहेब दर वेळी वेगळं सांगतात. शुगर. ताण. वडील पन्नाशीत गेले. घरात गडबड असते. सगळी खरी आहेत, पण शुगरला पाच किलोमीटर पुरतात आणि गडबडीला गच्ची. मला वाटतं, पळणं आधी सुरू होतं आणि कारण मागून धापा टाकत येतं, बहुतेक वेळा गाठतच नाही.

पुण्याचे आशिष कासोदेकर बघा. 2019 साली लडाखमध्ये 555 किलोमीटरची शर्यत पुरी केली. श्वास घ्यायलाच जिथं कष्ट पडतात, तिथं. एवढ्यावर एखादा आयुष्यभर सांगत बसला असता. यांनी 28 नोव्हेंबर 2021 पासून रोज एक मॅरेथॉन धरली ती थेट 26 जानेवारी 2022 पर्यंत. साठ दिवस, साठ मॅरेथॉन, अडीच हजार किलोमीटरच्या वर. आम्ही जिमचे पैसे वर्षाचे भरतो आणि साठाव्या दिवशी कार्ड शोधत असतो.

अमेरिकेतल्या टेनेसीत तर गॅरी कँट्रेल नावाच्या गृहस्थानं आपल्या परसातच शर्यत मांडली आणि तिला कुत्र्याचं नाव दिलं. फेरी 6.706 किलोमीटरची, दर तासाला एक. लवकर पुरी केलीत तर उरलेल्या मिनिटांत खा, झोपा, रडा. तास भरला की पुन्हा रेघेवर उभं राहायचं. एक सोडून बाकी सगळे गळेपर्यंत हेच. 2023 साली हार्वी लुईस या शाळामास्तरानं 108 फेऱ्या मारल्या. 108 तास, सव्वासातशे किलोमीटर. आकडा बघा, जपमाळ पुरी करूनच थांबला. आणि त्याच्या सोबत 107 फेऱ्या मारणाऱ्या इहोर वेरिसची अधिकृत नोंद काय? शर्यत पूर्ण केली नाही. ही नोंद वाचून साहेबांचे डोळे पाणावले. मला हसू आलं होतं, ते मी आवरलं.

गंमत अशी की याच दौलताबादच्या रस्त्यावर वर्षातून काही रात्री हजारो माणसं चालतात आणि त्यांना कोणी का म्हणून विचारत नाही. हनुमान जयंतीची आदली रात्र, श्रावणातले शनिवार. पोरं, म्हाताऱ्या, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, अनवाणी, शहरातून निघून पंचवीस किलोमीटरवरच्या खुलताबादला भद्रा मारुतीला. वाटेत जागोजागी चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी. पाय सुजतात, फोड येतात, पण नवस म्हटलं की विषय संपला. मारुतीच्या खात्यावर सगळा खर्च पडतो. साहेबांनी मात्र नवस बोललेला नाही, त्यामुळे प्रत्येक फोडाचा जबाब त्यांना स्वतः द्यावा लागतो. घरी, बँकेत आणि सीताफळाच्या पाटीवर.

शिवाय रात्रभर चालून पोचावं तर हा मारुती निजलेला आहे. उभा नाही, उडत नाही, हातात पर्वत नाही. द्रोणागिरी आणायला हिमालयापर्यंत जाऊन एका रात्रीत परतलेला हा देव, अल्ट्रावाल्यांचा खरा मूळपुरुष, इथं चक्क आडवा झाला आहे. साहेब खुलताबादवरून जाताना आत जायचं टाळतात. म्हणतात, त्याला बघितलं की माझेही पाय आडवं व्हायचं म्हणतात.

तेव्हा रविवारी सकाळी दौलताबादच्या रस्त्यानं गाडी नेत असाल आणि मिठानं पांढरा झालेला असा कुणी कडेकडेनं चाललेला दिसला, तर गाडी जरा लांबून घ्या. पाण्याची बाटली असेल तर द्या, मिठाची पुडी असेल तर फारच उत्तम. का पळता, हेही विचारा हवं तर, त्याची त्याला सवय आहे. फक्त "साहेब, सोडू का घरापर्यंत?" एवढं विचारू नका. तो बसेल.