ज्येष्ठांस घरी गोळ्या देणेबाबत

घरात साठी ओलांडलेली एक वा अधिक माणसे असून त्यांना रक्तदाब, साखर, थायरॉइड किंवा गुडघे यांपैकी काहीही असल्यास त्या घरात एक गोळीप्रमुख नेमणे आवश्यक आहे. पद मानद आहे. अधिकार नाहीत, रजा नाही, बदली मागता येत नाही. सुनेने हे पद शक्यतो स्वीकारू नये. तिने ‘गोळी घेतलीत का?’ असे विचारले की ती चौकशी न राहता टोमणा ठरते. मुलगाही निरुपयोगी, कारण त्याला हा विषय फक्त रविवारी आठवतो आणि मग तो आठवड्याचे एकदम ओरडून घेतो. सर्वांत लायक उमेदवार म्हणजे दुसरी-तिसरीतली नात. तिने ‘आजोबा, आ करा’ म्हटले की निवृत्त फौजदारही आ करतात.

पदभार स्वीकारताच औषधांच्या डब्याचा पंचनामा करावा. हा डबा फ्रिजवर असतो आणि पूर्वी त्यात श्रीखंड होते. आत खोकल्याचे गेल्या पावसाळ्यातले औषध, दिवंगत आत्याबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या आणि कात्रीने कापलेल्या पट्ट्या सापडतील. दुकानदार दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून देतो तेव्हा मुदतीची तारीख बहुधा त्याच्याकडे राहते आणि कुतूहल आपल्याकडे येते. शिवाय एक पांढरी सुटी गोळी निघेल, जिच्याबद्दल घरात दोन मतप्रवाह असतात. ती टाकून द्यावी. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्याही निघतील, एक गुलाबी आणि एक पिवळी. आई दोन्ही घेत असते, कारण गुलाबी जुन्या डॉक्टरांची, पिवळी नव्यांची, उगाच कोणाला कशाला दुखवा! पट्टीवर कंपनीने ठेवलेल्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचण्याचे कामही नातीकडेच द्यावे. घरात तेवढे डोळे दुसऱ्या कोणाचे नाहीत.

यानंतर वेळापत्रक. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही. ही अट घालणाऱ्या शास्त्रज्ञाने मराठी घरातली सकाळ पाहिलेली नसावी. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची, साखरेची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली असेल, तर ती पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ते आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायचे असते. रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते, म्हणून त्या पट्टीवर वार ठळक लिहावा. हे वाक्य विनोदासाठी घातलेले नाही.

संकष्टीच्या दिवशी धर्मशास्त्र आणि औषधशास्त्र समोरासमोर येतात. आजीच्या निर्णयानुसार साखरेची गोळी उपासाला चालत नाही, साबुदाण्याची खिचडी मात्र दोन वेळा चालते. याच्या उलट प्रकार अधिक घातक: गोळी नेमाने घ्यायची आणि चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही. काही गोळ्यांनी अशा वेळी साखर इतकी उतरते की चंद्राआधी तारे दिसतात. उपास सोडायला सांगू नये, ते कोणी ऐकत नाही. कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्या दिवसाचे गणित आधीच विचारून ठेवावे.

परदेशस्थ चिरंजीव या टप्प्यावर सात कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा पाठवतात. डबा उत्तम असतो, पण कप्प्यांवर वारांची इंग्रजी आद्याक्षरे असतात, त्यात टी दोन आणि एस दोन. मंगळवारी आईने गुरुवार उघडला तर दोष तिचा नाही. वर सो, मं, बु असे कागद चिकटवावेत.

आता मुख्य काम. गोळीप्रमुखाची समजूत असते की ज्येष्ठ विसरतात. ज्या बाईला भाचीच्या लग्नात कोणी किती आहेर केला हे चाळीस वर्षांनंतर रुपयांत सांगता येते, ती सकाळची गोळी विसरत नाही. ती गोळीबाबत निर्णय घेते. लघवीची गोळी घेऊन लग्नाला गेले तर मंगल कार्यालयात दर अर्ध्या तासाला कुठे शोधत फिरायचे, म्हणून त्या दिवशी गोळीला सुट्टी. महिनाअखेरीला गोळी अर्धी, कारण पट्टी पुरवायची आहे. रक्तदाब मोजला आणि ‘नॉर्मल’ निघाला, म्हणून पुढे बंद. कट्ट्यावरच्या मंडळींनी भेंडीचे पाणी सांगितले, म्हणून प्रयोग सुरू. या प्रत्येक निर्णयामागे विचार आहे. फक्त त्याची बातमी डॉक्टरांपर्यंत गेलेली नाही. बाकी जागतिक आरोग्य संघटनेनेच 2003 साली नोंदवले होते की विकसित देशांतही दीर्घ आजारांची औषधे सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण सरासरी निम्मेच असते. म्हणजे आपले आजोबा हट्टी नसून जगाबरोबर चालले आहेत.

अडचण पुढे होते. डॉक्टर विचारतात, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ आजोबा म्हणतात, ‘अगदी वेळच्या वेळी.’ तरीही रक्तदाब चढलेलाच, म्हणून डॉक्टर एक गोळी वाढवतात. पुढच्या वेळी आणखी एक. आजोबा त्याही मनाला येईल तशा घेतात. मग एके दिवशी आपल्यासारखा उत्साही गोळीप्रमुख येतो आणि कागदावरच्या सगळ्या गोळ्या खरोखरच पोटात घालतो. तिसऱ्या दिवशी आजोबा न्हाणीघरात चक्कर येऊन बसतात. घरच्यांच्या मते औषध बाधले, आजोबांच्या मते ते आधीपासून सांगतच होते.

म्हणून पहिला आठवडा गोळी देऊ नये, विचारावे. आवाज ‘आज भाजी काय करू?’ या पट्टीत ठेवावा, शपथ घालू नये. कोणती खरोखर घेता, कोणती टाळता, का टाळता, ते वहीत लिहावे. त्या आठवड्यात स्वतःच्या अकलेने काही वाढवू, तोडू किंवा बंद करू नये. राहिलेली गोळी पुढच्या गोळीबरोबर दुप्पट करून देऊ नये. ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेली गोळी गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटू नये. दिवसभर हळूहळू सुटायचे औषध एकदम सुटते.

मग वही आणि तो श्रीखंडाचा डबा कापडी पिशवीत घालून डॉक्टरांकडे जावे. लघवीची गोळी लग्नाच्या दिवशी घरी परतल्यावर घेतली तर चालेल का, या प्रश्नाला बऱ्याचदा सरळ उत्तर मिळते. आजवर तो कोणी विचारलेला नसतो इतकेच. तो आईला स्वतः विचारू द्यावा. ‘ती सगळं घेते हो’ हे वाक्य गोळीप्रमुखाने तोंडून काढू नये. राहवत नसेल तर बाहेर बाकावर बसावे. तिथे 2019 सालची मासिके ठेवलेली असतात.