आधी केबल बदला

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत दर चार बिल्डिंगांमागे एक तरी असे काका सापडतात, ज्यांचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. ‘हार्डडिस्कवाले काका’ म्हटलं की वॉचमन विंग दाखवतो, मजलाही सांगतो. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी विरार लोकलमध्ये उभ्याने काढली. निवृत्त झाल्यावर बसायला मिळालं, पण तोवर बसायची सवयच मोडली होती. तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या टेबलाखाली वाकलेले असतात.

कुणाची हार्डडिस्क दिसेनाशी झाली की बोलावणं येतं. काका लगेच निघत नाहीत, आधी फोनवर जबानी घेतात. “दिवा लागतो का? फिरल्याचा आवाज येतो? शेवटची कधी चालली?” तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे एकच: “अहो, परवापर्यंत व्यवस्थित होती!” हा ‘परवा’ म्हणजे २०१९ची दिवाळी, हे काकांना नंतर फायलींच्या तारखांवरून कळतं.

ते येतात ते केबलींची पिशवी घेऊनच. घरातल्या इंजिनिअर चिरंजीवांनी तोवर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकलेला असतो, विंडोज अपडेट केलेलं असतं. काका विचारतात, “ही केबल कुठली?”

“जुन्या मोबाईलची. बसली की!”

बसतेच ती. पोर्टेबल डिस्कच्या त्या रुंद खाचेच्या मोठ्या भागात जुनी मायक्रो यूएसबी केबल नीट बसते आणि धड असेल तर कमी वेगाने का होईना, चालतेही. पण काही केबलींत फक्त चार्जिंगपुरत्या तारा असतात. वीज जाते, डेटा जात नाही. दिवा लागतो, डिस्क फिरते आणि कॉम्प्युटरला खबरच नसते. “आधी केबल बदला,” असं म्हणून काका पिशवीत हात घालतात. पहिल्याच केबलला डिस्क उघडली तर सगळे खूश होतात, काका मात्र जरा हिरमुसतात.

तेवढ्याने भागलं नाही, तर मोर्चा पोर्टकडे. डिस्क हबमध्ये खोचलेली, त्याच हबवर कीबोर्ड, माऊस आणि मे महिन्याच्या उकाड्यासाठी घेतलेला चिमुकला पंखा. यूएसबी २.०चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, ३.०चा ९००. “फिरायला लागताना डिस्कला जास्त वीज लागते, वहिनी. ती तुमचा पंखा खातोय.” आणि काका टेबलाखाली शिरून वायर थेट मागच्या पोर्टात लावतात.

तिसरी पायरी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटची. तिथे डिस्क दिसते, पण तिच्यापुढे ड्राइव्हचं अक्षरच नसतं. “मेंबर आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, फ्लॅट नंबर तेवढा दिलेला नाही. पोस्टमन जाणार कुठे?” हे ते सेक्रेटरींकडे बघून म्हणतात, कारण काकांचा पार्किंगचा अर्ज अजून तिथेच पडून आहे.

काकांचा आवाज चढतो तो एकाच शब्दाला: फॉरमॅट. विंडोज मोठ्या अदबीने विचारतं, वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करायची का? एखादा उत्साही भाचा ‘हो’च्या दिशेने सरकतो आणि काका “हात मागे!” असे गरजतात की समोरच्या फ्लॅटचं दार उघडतं. कित्येकदा डिस्क ठणठणीत असते. मॅकवर तयार केलेली असल्याने विंडोजला ती वाचता येत नाही, इतकंच.

पण डिस्कमधून ‘टक… टक…’ ऐकू आलं की काका गप्प होतात. मिनिटाला बहुतेक ५४०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. ते टेकत असेल, तर “एकदा लावून बघू” म्हणताना दर खेपेला त्यावरचं लग्नाचं शूटिंग थोडं थोडं खरवडलं जातं. “बंद करा. आता तुम्हीही हात लावायचा नाही, मीही नाही. डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.” २०१८च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं, तेव्हा भिजलेल्या डिस्का तांदळाच्या डब्यांतून त्यांच्याकडे आल्या होत्या. “तांदूळ भाताला ठेवा, आणि ओली डिस्क चालू करून बघू नका,” एवढंच ते म्हणाले.

फी ते घेत नाहीत. चहा घेतात, आणि कुणी वसईची सुकेळी दिली तर नाही म्हणत नाहीत. डिस्क उघडली की सगळं घर स्क्रीनभोवती जमतं, पाच वर्षांत कुणी न पाहिलेलं लग्न पाहायला. त्या गर्दीत काका सांगतात, “आजच दुसरी प्रत काढा.” सगळे मान डोलावतात. पुढच्या वर्षी त्याच घरून त्याच डिस्कसाठी पुन्हा फोन येतो.

काकांच्या स्वतःच्या डेटाच्या मात्र तीन प्रती आहेत. तिसरी बोरिवलीला मुलीकडे. ती डिस्क दिसत नाही म्हणून मुलीचा फोन आला, तर काका दिवा विचारत नाहीत, केबलचं नावही काढत नाहीत. “कशालाही हात लावू नकोस, मी येतो,” म्हणतात आणि मिळेल ती लोकल पकडतात.