रेकॉर्डिंग आमचं, कुलूप तुमचं

डीटीएच कंपन्यांच्या समस्त ग्राहकसेवा प्रमुखांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या रेकॉर्डरवाल्या सेट-टॉप बॉक्सने आम्हां संसारी माणसांना वैराग्य शिकवलं, त्याचे जाहीर आभार मानायचे राहून गेले होते.

2008 च्या सुमारास हे बॉक्स आपल्याकडे आले तेव्हा आम्ही फार हुरळलो. चालू सामना थांबवा, एक चॅनेल बघताना दुसरं रेकॉर्ड करा, मालिकेच्या नावावर एकदा बटण दाबा की रोजचा भाग आपोआप जमा! आतली हार्ड डिस्क मात्र आम्ही काहीही रेकॉर्ड करत नसलो तरी फिरतच असते. चालू कार्यक्रम मागे नेता यावा म्हणून ती सतत लिहिते आणि पुसते. एवढं राबल्यावर ती एक दिवस मान टाकणार, हे उघड आहे. जाहिरातीत तुम्ही त्याची वाच्यता केली नाहीत. शुभकार्यात असलं बोलू नये, बरोबरच आहे.

रेकॉर्डर शिस्तीचा, हेही मान्य. कार्यक्रमपत्रिकेत नऊ लिहिलंय ना, मग नऊला बंद. आमच्या मराठी चॅनेलांना ही शिस्त झेपत नाही. रविवारचा महाएपिसोड जाहिराती खात खात लांबतो, सासूबाई थोबाडीत द्यायला हात उचलतात आणि रेकॉर्डिंग संपतं. ती थप्पड अजून हवेतच आहे. कोकणातल्या मंडळींना तर तेवढंही मिळत नाही. आषाढात पाऊस कोसळला की डिशचा सिग्नल जातो आणि रेकॉर्डिंगला मधोमध भोक पडतं. पावसाचा दोष तुमच्यावर ढकलण्याइतके आम्ही कृतघ्न नाही.

खरे आभार कुलपाचे. आम्ही जे साठवतो ते सांकेतिक रूपात, त्या एका बॉक्सला आणि त्यातल्या कार्डाला बांधून ठेवलेलं असतं. डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडा, काही दिसत नाही. शेजारच्या तसल्याच बॉक्सलाही ती ओळख देत नाही. रिचार्ज संपला, की महिन्यांपूर्वी पैसे भरून साठवलेलंही बंद. कैऱ्या आमच्या, बरणी आमच्या फडताळात, आणि झाकण उघडायचं तर दरमहा तुम्हांला विचारायचं!

आमच्या आईने भाचीचं टीव्हीवरचं गाणं असं जपून ठेवलं होतं. बॉक्स बिघडला. तुमच्यापैकीच एका कंपनीचा मुलगा आला, नवा लावून जुना पिशवीत घालू लागला. आई म्हणाली, "अरे, त्यात आमची नमू आहे." तो म्हणाला, "काकू, नवीन एचडी आहे." मुलगा गुणी होता, चहासुद्धा घेतला नाही.

तुमच्या आधी जग फार बेशिस्त होतं, हे नव्या पिढीला सांगायला हवं. 1984 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की नंतर बघण्यासाठी घरी कार्यक्रम टेप करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. आपल्याकडेही लोक रामायण, महाभारत व्हीसीआरवर धरून ठेवत. ती कॅसेट गावभर फिरे, कुणाच्याही मशीनवर चाले. बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसून टाकले. त्या हरवलेल्या सगळ्या भागांचा निदान आवाज आज उरला आहे, तो घरी टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या हौशी पोरांमुळे. आपल्या दूरदर्शननेही टेपा वाचवण्यासाठी जुन्या कार्यक्रमांवर नवे चढवले. ज्यांचं काम जपण्याचं, ते पुसत होते आणि ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते जपत होते. असला गोंधळ तुम्ही कायमचा मिटवलात. आता वाहिनीने एखादी मालिका पुसली, तर ती आमच्याकडे सापडण्याची लाज तिला बाळगावी लागणार नाही.

कुणी म्हणेल, आता सगळं ॲपवर असतं, रेकॉर्ड कशाला करायचं? असतं खरं, हक्कांचा करार संपेपर्यंत. नमूचं गाणं तर कुठल्याच ॲपवर नाही.

म्हणून कुलूप काढा वगैरे अवाजवी मागणी करत नाही. तंत्रज्ञ जुना बॉक्स घेऊन जाताना पावती देतो, तीत बॉक्सचा क्रमांक, रिमोट, ॲडॉप्टर असं सगळं लिहिलेलं असतं. त्याखाली 'आतल्या मजकुरासह' एवढं छापून घ्यावं, ही नम्र विनंती.

कळावे,
आपला,
रिचार्जची मुदत 30 तारखेपर्यंत असलेला
एक वर्गणीदार