अश्वशक्तीचा उपासक

वर्धा जिल्ह्याला यंत्राचे वावडे आहे, असा एक समज परमुलखात रूढ आहे. सेवाग्राम आणि पवनार ही दोन नावे कानांवर पडताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टकळी, खादी आणि पायी चालणारी कृश माणसे उभी राहतात, व त्या चित्रात पेट्रोलच्या वासाला तो जागाच ठेवीत नाही. वस्तुतः १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे पडले, तेव्हा तेथील मंडळींनी ज्या वस्तूंची चिकित्सा आरंभिली त्यांत तेलाची घाणी होती. तिच्या रचनेत नाना फेरफार करून जी अधिक कार्यक्षम घाणी त्यांनी सिद्ध केली, ती पुढे ‘वर्धा घाणी’ याच नावाने प्रसिद्धीस आली. तेव्हा आहे त्या जनावराकडून अधिक काम कसे काढून घ्यावे, हा ध्यास या मातीला अपरिचित नाही. हल्ली फक्त जनावर बदलले आहे, आणि तेल निघण्याऐवजी जाळावे लागते, इतकेच.

हा ध्यास ज्याच्या अंगी संचरला आहे असा उपासक आज प्रत्येक तालुक्याच्या गावी एखाददुसरा तरी सापडतोच. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. घरी जिनिंग, कृषी केंद्र किंवा निदान सोयाबीनच्या खरेदीचा व्यवहार. शिक्षण अभियांत्रिकीचे, परंतु बहुधा अशा शाखेचे की जिचा इंजिनाशी दूरान्वयानेही संबंध नसावा. वडीलधाऱ्यांना ‘काकाजी’ म्हणून वाकून नमस्कार करणारा, बोलण्यास मृदू, खर्ऱ्याच्या पुडीलाही न शिवणारा असा हा सद्वर्तनी तरुण असतो. आणि म्हणूनच, त्याने आपल्या मोटारीचे बॉनेट उघडले असता त्याच्या मुद्रेवर जो एक भाव प्रकट होतो, तो प्रथमच पाहणारा माणूस नकळत चार पावले मागे सरतो.

त्याचे आराध्यदैवत म्हणजे बहुतकरून चाकणच्या कारखान्यातून निघालेली पोलो, आणि तीतही ‘जीटी टीएसआय’ हा अवतार. २०१३ साली ती बाजारात आली तेव्हा बाराशे घनसेंटिमीटरच्या तिच्या इटुकल्या इंजिनाला टर्बोची जोड होती आणि १०५ अश्वशक्ती व १७५ न्यूटन-मीटर हे आकडे तिच्या नावावर होते. २०२२ साली येथील पोलोचे उत्पादन थांबले. परंतु दैवत अंतर्धान पावले की भक्ती वाढते, या न्यायाने उपासकांच्या लेखी तिचे मोल उलट चढले. पंथभेदही आहेत. रांजणगावच्या अबार्थ पुंतोचे अनुयायी आपल्या १४५ अश्वशक्तीचा टेंभा मिरवतात. बलेनो आरएसचे भक्त संख्येने अल्प आणि स्वभावाने सोशिक. आणि २०१६ साली मोजक्याच संख्येने येथे आलेल्या, १९२ अश्वशक्तीच्या तीन दारी पोलो जीटीआयचे नाव निघाले, तर सर्व पंथांचे लोक गवयाने गुरूचे नाव घ्यावे तसे कानाच्या पाळीला हात लावतात.

टर्बो म्हणजे काय, हे या शास्त्रात अगदीच अडाणी असलेल्या मजसारख्याने विचारले, की उपासक जमिनीवर बसून काडीने आकृती काढू लागतो. “आता असं पाहा काकाजी, सायलेन्सरातून जो गरम धूर वाया जाऊन राह्यला ना, त्यालेच आपण कामाले लावतो.” त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते, हवा अधिक म्हणजे पेट्रोल अधिक, पेट्रोल अधिक म्हणजे जोर अधिक, आणि हा सारा व्यापार मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी चालतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस गृहस्थाने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. टाकाऊ धुरातून शक्ती काढण्याची ही युक्ती मगनवाडीच्या मंडळींनाही तत्त्वतः मान्य झाली असती, असे मला वाटते. पुढचे मात्र काही त्यांना मान्य झाले नसते.

कारण उपासकाची मूळ तक्रार अशी की, कंपनीने इंजिनाला मोकळा श्वासच घेऊ दिलेला नाही. ही तक्रार सर्वस्वी निराधार नव्हे. गचाळ पेट्रोल, असह्य उन्हाळा आणि वेळेवर तेल न बदलणारा मालक, या तीन आपत्ती गृहीत धरून कारखानदार इंजिनाच्या सामर्थ्याचा काही अंश राखीव ठेवतो. टर्बोच्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट किती, पेट्रोल किती आणि ठिणगी नेमकी केव्हा, याचे सारे दफ्तर ईसीयू नामक एका पेटीत असते, आणि त्या दफ्तरातील नोंदी बदलल्या की राखीव अंश मोकळा होतो. यास ‘रीमॅप’ अथवा ‘स्टेज वन’ म्हणतात. वर उल्लेखिलेल्या तिन्ही आपत्ती वर्धा जिल्ह्यात एकवटलेल्या असतात, हे त्याला कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी तो ऐकत नाही. दूरच्या शहरातील एखादा ट्यूनर ईमेलने फाइल पाठवतो, तो ती लॅपटॉपवरून गाडीत चढवतो, आणि १०५ चे सव्वाशेच्या पुढे झाले, या आनंदात रात्री घरी कोणाशी न बोलता जेवतो.

येथवर प्रकरण आटोक्यात असते. परंतु रीमॅप हा जावयासारखा असतो. त्याला दिवाळसणाला बोलावले की आधी भिंतींना रंग, मग नव्या गाद्या, मग पाहुण्यांदेखत बरा दिसावा म्हणून न्हाणीघराचा दरवाजा, आणि अखेर त्या दरवाजासाठी नवी चौकट, असा लवाजमा वाढतच जातो. जोर वाढला म्हणून क्लच घसरतो. क्लच जड घातला की इंजिनाचे रबरी माउंट मऊ पडतात. माउंट कडक केले की सबंध मोटार ताप आल्यासारखी थरथरते आणि आरशात मागून येणाऱ्या एका ट्रकचे तीन ट्रक दिसतात. प्लग तापून अवेळी पेट होऊ नये म्हणून थंड जातीचे प्लग, व ठिणगी विझू नये म्हणून त्यांची फट किंचित कमी. धूर अडू नये म्हणून रुंद डाउनपाइप. वेग वाढणार म्हणून मोठे ब्रेक. ब्रेक बसावेत म्हणून मोठी चाके. आणि मोठ्या चाकांना पातळ टायर घातले, की आर्वी रस्त्यावरील पहिल्याच खड्ड्यात त्यांतील एक चाक वाकते. या सर्वांना ‘सपोर्टिंग मॉड्स’ असे भारदस्त नाव आहे. गावचा जुना मिस्तरी त्या नावाला बधत नाही. “चालू गाडीले कायले हात लावता बाप्पा?” एवढेच तो विचारतो, आणि पाना उचलतो.

फिल्टरची कथा मला विशेष मनोरम वाटते. कंपनीचा हवेचा फिल्टर कागदाचा असतो. उपासकाला तो श्वास कोंडणारा वाटतो, सबब तो सातासमुद्रापलीकडून, अमेरिकेहून, एक तांबडा शंक्वाकृती फिल्टर मागवतो. तो कशाचा असतो? तेल लावलेल्या कापसाच्या जाळीदार कापडाचा. ज्या हिंगणघाटचा कापूस एके काळी विलायतेच्या बाजारात स्वतःच्या नावाने ओळखला जात असे, त्या हिंगणघाटात, घरच्या जिनिंगच्या आवारात, सरकीच्या ढिगाशेजारी उभा राहून, एक तरुण जकातीसह मूल्य मोजून परदेशी सुताचा चार बोटे तुकडा सोडवून घेतो, आणि तो छातीशी धरून वडिलांना दाखवतो. वडील तो दोन बोटांत चुरडून पाहतात. “धागा आखूड आहे,” म्हणतात, आणि काट्याकडे परत जातात.

इंटरकूलरचेही तसेच. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती इंजिनात जाण्यापूर्वी रेडिएटरसारख्या एका जाळीतून नेऊन थंड करावयाची. यास्तव उपासक कंपनीच्या जाळीच्या दुप्पट जाळी बसवतो. पण ही जाळी थंड होते ती बाहेरच्या हवेने, आणि मे महिन्यात वर्ध्याची बाहेरची हवा पंचेचाळीस अंशांच्या वरही जाते. मग इंजिनात अवेळी स्फोट होऊ लागतात. ज्याला ‘नॉक’ म्हणतात तो ठोका ईसीयूला ऐकू येतो, आणि ती सावध पेटी ठिणगी मागे खेचून, दिलेले घोडे एकेक करून परत नेते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भर दुपारी, एवढा खर्च करूनही, उपासकाच्या पदरी बव्हंशी तेच कंपनीचे घोडे उरतात. यावर त्याने काढलेला तोडगा असा की, मे महिन्यात मोटार फक्त ब्राह्ममुहूर्तावर चालवावी. सूर्योदयापूर्वी उठण्याचा जो नियम आश्रमाने घालून दिला होता, तो आज या जिल्ह्यातील तरुणांत कोणी निष्ठेने पाळत असेल, तर तो हाच.

पेट्रोलबाबत तर त्याची अवस्था अधिकच नाजूक. साध्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलची तो निंदा करीत आला, ९५ ची आस धरीत आला, आणि १०० ऑक्टेनचे एक पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात पुण्या-मुंबईस आले, याचा उल्लेख काशीयात्रेच्या सुरात करतो. मात्र अलीकडे त्याचे एक समाधान झाले आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळण्याचे सरकारी धोरण अमलात आले, आणि इथेनॉलची ऑक्टेन मुळातच उच्च असते. गाडी थोडे अधिक इंधन पिते, पण नॉक कमी करते. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. येथे माणसाला जो घोट निषिद्ध, तोच मोटारीला टाकीच्या पाचव्या हिश्शापर्यंत शासनमान्य आहे, आणि बंदी अंमलात आणणाऱ्या खात्याची वाहनेसुद्धा त्याच पंपावर रांगेत उभी असतात.

एवढ्या खटाटोपानंतर हा मनुष्य उपभोग काय घेतो, असे कोणी विचारील. काही नाही. वातानुकूलन लावले की ते इंजिनाचा जोर खाते, म्हणून तो घामाघूम होऊन बसतो. वजन नको म्हणून मागची सीट आणि स्टेपनी घरी माळ्यावर. नागपूरला लग्न असले की घरची माणसे वडिलांच्या जुन्या डिझेल गाडीतून जातात, आणि हा एकटा पुढे मोकळ्या मोटारीतून, काचा खाली करून. गतिरोधकावर तो मोटार तिरकी घालतो, तेव्हा मागचा सायकलस्वार त्याला ओलांडून जातो. सेवाग्रामला एकेकाळी फोर्ड मोटारीला बैल जुंपीत, अशी आठवण जुनी माणसे सांगतात. त्या बैलांचा वेग आणि याचा वेग यांत, कापसाच्या हंगामात हिंगणघाट रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागली असता, मला फार तफावत दिसलेली नाही.

समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला तेव्हा मात्र आता याचे दिवस आले, असे सर्वांना वाटले. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. रस्त्याची आखणी ताशी १५० किलोमीटरला साजेशी, परवानगी १२० ची. उपासक येळाकेळीजवळ टोलनाक्यातून आत शिरतो, शेजारी लॅपटॉप मांडीवर घेतलेला मित्र. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबतो, टर्बो शीळ घालतो, काटा १२० ला टेकतो, पाय वर, फिस्स असा एक सुस्कारा. झाले. वरच्या सर्व घोड्यांनी मिळून काही क्षण काम केले. पुढील इंटरचेंजपर्यंत दोघे मर्यादेत, शिस्तीने, डावीकडून जातात, आणि रात्री त्या काही क्षणांच्या आलेखावर पहाटेपर्यंत ऊहापोह करतात. वेग त्याला नकोच असतो. त्याला हवी असते ती रेघ, आणि तीही गेल्या वेळेपेक्षा किंचित वर गेलेली.

कायद्याविषयी तो मितभाषी आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरबदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईवर शिक्कामोर्तब केले. “सॉफ्टवेअर दिसत नाही ना काकाजी,” असे तो हळूच म्हणतो. डाउनपाइप दिसतो, आणि ऐकूही येतो. म्हणूनच एमएच-३२ च्या परिवहन कार्यालयासमोरून जाताना तो मोटार मांजराच्या पावलांनी नेतो.

घरात बाळाची चाहूल लागली, की विक्रीची वेळ येते. मग माळ्यावरची सीट खाली उतरते, पलंगाखालचा मूळचा सायलेन्सर पोत्यातून निघतो, कागदाचा फिल्टर झटकला जातो. वडील निःश्वास सोडतात: “पोराले म्या गाडी घेऊन देल्ली होती, अन् गाडीच पोराले घेऊन गेली.” अशाच एका सौद्याला मी साक्षी होतो. पुलगावहून गिऱ्हाईक आले, भला माणूस. उपासकाने त्याला बूस्ट, इंटरकूलर, प्लगची फट, सारे डोळ्यांत पाणी आणून सांगितले. लॅपटॉप उघडून ती रेघसुद्धा दाखवली. गिऱ्हाइकाने मान डोलावीत सारे ऐकून घेतले, मोटारीला एक प्रदक्षिणा घातली, टायरला चपलेने हलकेच टोचून पाहिले, आणि विचारले,

“ॲव्हरेज किती देते?”

उपासकाने लॅपटॉप मिटला, बॉनेट लावले, पाहुण्यांना चहा दिला, आणि गाडी विकायची नाही असे सांगितले.