माळ विचारता, मग तूप का नाही?

गावच्या जत्रेला मटणाचा टोप चुलीवर चढायच्या आधी मावळातली जाणती बाई एक प्रश्न विचारते, "माळकरी किती?" आकडा कळला की मगच पुढची तयारी. माळकऱ्यांची चूल वेगळी, टोप वेगळा, वाढायचा डावही वेगळा. तो डाव चुकून रश्श्यात बुडला तर त्यांची भाजी पुन्हा नव्याने टाकतात. देहू शेजारी, भंडारा डोंगर तर मावळातच. कार्ल्याच्या एकवीरेला बकरं कबूल करणारा आणि गळ्यात तुळशीची माळ घालणारा एकाच घरात नांदतात, एकाच ओसरीवर जेवतात. म्हणून 'तुम्हाला काय चालतं' हे विचारताना इथे कुणाला अवघड वाटत नाही आणि सांगणाऱ्यालाही लाज वाटत नाही.

ही सवय रिसॉर्टच्या फाटकाशी येऊन थांबते. याचा मला राग आहे.

गेल्या मार्गशीर्षात पवना धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टवर नात्यातलं लग्न होतं. भाचीची मैत्रीण बंगळुरूहून आली होती. ती व्हीगन. म्हणजे मांस, मासे, अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप, लोणी, मध हेही नाही. तिने पंधरा दिवस आधी भाचीला कळवलं होतं. भाचीने रिसॉर्टला कळवलं होतं. रिसॉर्टने "हो, हो, होऊन जाईल" म्हटलं होतं. प्रत्यक्षात टेबलावर तीस पदार्थ आणि प्रत्येकापुढे हिरवा ठिपका. डाळीला लोण्याची फोडणी. तिन्ही भाज्यांत क्रीम. पुलावात तूप, नानच्या पिठात दही, पुऱ्या दुधात भिजवलेल्या, कोशिंबिरीतही दहीच. गोडाचे चार प्रकार, चारही दुधाचे. मुलीने तीन वाढप्यांना विचारलं. तिघांनीही "व्हेज आहे मॅडम" एवढंच सांगितलं. चौथ्याला विचारायचा तिला संकोच वाटला. शेवटी काकडी, पापड आणि मोड आलेल्या मुगाची वाटी घेऊन ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. यजमान त्याच वेळी टेबलाटेबलापाशी जाऊन गोडाचा आग्रह करत होते.

व्यवस्थापक धावत आला. त्याची कळकळ खरी होती. म्हणाला, "अहो, जैन काउंटर आहे ना!" जैन काउंटरवर पनीर होतं.

ही गल्लत लोणावळ्यात मी इतक्यांदा पाहिली आहे की आता ती एकदा ठणकावून सांगायला हवी. जैन पाहुणा दूध घेतो. कांदा, लसूण, बटाटा, गाजर घेत नाही. व्हीगन पाहुणा कांदा-बटाटा आवडीने खातो, दुधाला हात लावत नाही. एकासाठी केलेलं दुसऱ्यापुढे सरकवलं की दोघांचाही अपमान होतो. जैनांतही जो चौविहार पाळतो त्याला सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नको असतो. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अशा माणसापुढे रात्री साडेनऊला अगदी चोख जैन जेवण मांडलंत, तरी तुम्ही त्याला उपाशीच झोपवलंत. त्याचं ताट साडेपाचला हवं होतं. ते कुणी विचारलं होतं का?

त्या हिरव्या ठिपक्याने आपल्याला आळशी केलं आहे. आपल्या कायद्याच्या व्याख्येत दूध, दुधाचे पदार्थ आणि मध मांसाहारात मोडत नाहीत. तेव्हा हिरवा ठिपका एवढंच सांगतो की यात मांस, मासे, अंडी नाहीत. त्यापलीकडे तो काही सांगत नाही. 'व्हीगन' हा शब्द मुळात निघाला तोच या कारणाने. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींना 'शाकाहारी' हा शब्द अपुरा वाटला, कारण तिथले शाकाहारी दूध घेत होते, अंडीही खात होते. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणालाही हा फरक उमजला आहे. २०२२ मध्ये त्यांनी व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले आणि स्वतंत्र चिन्ह दिलं. सरकारी कागदाला जे कळलं ते लग्नाचं जेवण करणाऱ्या केटररला कळत नसेल, तर त्याने ताटामागे मोठी रक्कम कशाची लावली?

सगळ्यांत वाईट प्रकार तर पुढचाच. "जरासं तूप होतं त्यात, पण कळलं का तिला?" हे वाक्य मी त्याच लग्नात ऐकलं, आणि बोलणारीच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद होता. ही फसवणूक आहे. माळकऱ्याच्या वाटीत चमचाभर रस्सा मिसळून असं कुणी हसेल का? गावकरी त्याला जत्रेत उभं राहू देणार नाहीत. व्रत देवासाठी असो, गाईच्या वासरासाठी असो की स्वतःच्या पोटासाठी, पाहुण्याने विश्वासाने सांगितलं आहे. आणि काहींना दुधाने खरोखरच त्रास होतो. त्यांच्या बाबतीत हा खेळ दवाखान्यात नेऊन सोडतो. तीच गत शेंगदाण्याच्या कुटाची. आपण तो डोळे झाकून सगळीकडे पेरतो. ज्याला शेंगदाणा सोसत नाही त्याच्यासाठी ती भाजी जिवावरची आहे. म्हणून कूट घालण्याआधीही विचारायलाच हवं.

पाहुण्यांनाही दोन शब्द. तुंगार्लीतला बंगला शनिवार-रविवारसाठी घ्यायचा, वीसजणांनी यायचं, आणि शनिवारी संध्याकाळी सातला बंगल्यावरच्या बाईंना सांगायचं, "मावशी, चार जैन, दोन व्हीगन, एक ग्लूटेन नाही." पावसाळ्यातल्या शनिवारी लोणावळ्याचे रस्ते गाड्यांनी तुंबलेले असतात, बाजारात जाऊन यायलाच तास जातो. त्या बाईंनी दुपारीच कणिक मळलेली असते, भाज्यांना कांदा-लसूण घातलेला असतो. तुमचं पथ्य हा तुमचा हक्क आहे, पण ते गुरुवारी कळवणं हे तुमचं काम आहे. आणि कळवताना नुसतं 'व्हीगन' लिहू नका. 'दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, मध नको. तेल, नारळ, शेंगदाणे, गूळ चालतो' असं मराठीत लिहा. त्या बाईंचा स्वयंपाक तुमच्या अपेक्षेपेक्षा दहापट चांगला होईल.

कारण मावळच्या स्वयंपाकाला हे जड नाहीच, आणि माझं खरं म्हणणं इथेच आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी तांदूळ घ्या. मऊ, चिकट, वाफेबरोबरच वास सुटणारा. सोबत तुरीचं साधं वरण, मटकीची उसळ, शेंगदाण्याचा कूट भरलेली वांगी, मिरचीचा ठेचा, तांदळाची भाकरी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी. गोडाला लाल भोपळ्याचे घारगे, गूळ आणि कणकेचे, तेलाचं मोहन घालून. पुरणाबरोबर नारळाचं दूध द्यावं; घाट उतरलं की कोकणात ती रीतच आहे. या सगळ्यात दुभत्याचं काय आहे? शेवटी वरून सोडलेलं तूप. आपल्या रांधण्यात तूप बहुतेक वेळा वर बसतं, त्यामुळे ते बाजूला वाटीत देता येतं. रिसॉर्टवाल्यांनी दिल्लीकडून उचललेल्या रश्श्यांत मात्र लोणी, क्रीम, दही आतच मुरलेलं असतं. तिथे काढायचं म्हटलं तरी काही निघत नाही. म्हणजे अडचण त्या मुलीच्या पथ्याची नाही. अडचण आहे ती मावळात बसून मावळचं जेवण न करण्याची.

लोणावळ्याच्या दोन नावाजलेल्या दुकानी मिठायासुद्धा हेच सांगतात. शेंगदाण्याची चिक्की म्हणजे गूळ आणि दाणे. फक्त तूप लावलंय का एवढं विचारा. फज मात्र दुधाशिवाय होत नाही. टपरीवरचा बटाटेवडा बेसन, बटाटा आणि तेल. पावाचं तेवढं विचारा. भाजलेल्या कणसाला लिंबू-मीठ लावून घ्या, लोणी नको म्हणा. हे सगळं एका वाक्यात होतं.

"हे परदेशी खूळ कुठून आणलंत?" असं म्हणणाऱ्या काका-काकूंना मला ऋषिपंचमीची आठवण करून द्यायची आहे. भाद्रपदातल्या त्या दिवशी तुमच्या आई, आज्या बैलाच्या कष्टाचं खात नव्हत्या. नांगरलेल्या शेतातला दाणा नको. परसातला भोपळा, अळू, सुरण, माठ, मका यांची एकत्र भाजी आणि नांगराशिवाय उगवलेला देवभात. त्यामागची श्रद्धा वेगळी होती, हे मान्य. पण ताटातला घास कुठल्या जनावराच्या घामातून आला हे विचारून जेवायचं, ही गोष्ट आपल्या घरात होती. बायका ती करत होत्या, म्हणून कुणी तिला तत्त्वज्ञान म्हटलं नाही, एवढंच.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलीला घेऊन आम्ही लोहगडावर गेलो. उतरल्यावर लोहगडवाडीत एका घरी जेवण सांगितलं होतं. भाचीने घाईघाईने समजावायला सुरुवात केली, की ही व्हीगन आहे, म्हणजे तसं व्हेजच, पण... चुलीपुढच्या मावशींनी तिला मध्येच थांबवलं.

"वशाट नाय, आन् दूधबी नाय. असंच ना?"

"हो."

त्यांनी तुपाची वाटी उचलून वरच्या फळीवर ठेवली. डाव धुऊन घेतला. मग पिठल्यासाठी बेसन कालवायला घेतलं आणि पाण्याचा तांब्या उचलण्याआधी मान वळवून त्या मुलीलाच विचारलं, "बाय, मी पिठल्यात ताक घालते. तुला ते चालायचं नाय ना?"

ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.